पानाची डावी बाजू

प्रिय रेघोबा,

वाचायला लागण्याआधी एक काम कर. या पानाच्या डाव्या कडेला मी वरपासून खालपर्यंत एक जाड लाल रेघ ओढली आहे. प्रत्येक ओळ तिथून सुरू होते. एक ओळ संपली की ती रेघ दिसेपर्यंत नजर मागे ने आणि मगच पुढची ओळ वाच. रेघ दिसली नाही तर मान वळव. असं का, ते पुढे येईलच. माझं कुठलंही म्हणणं तू दोन उलट प्रश्न विचारल्याशिवाय कधी ऐकलं नाहीस. आज एवढं एक ऐक.

'रेघोबा' हा शब्द सात वर्षांनी लिहिला. हात जरा अडखळलाच. ऑफिसात मी तुला 'सर' म्हणते, तू मला 'मॅडम' म्हणतोस, आणि नवीन आलेल्या पोरांना वाटतं की आपली नुसती तोंडओळख आहे. परवा त्यातल्या एकीने मला विचारलं, की सर घरी कसे असतील हो, इतकेच शांत? मी म्हटलं, मला काय ठाऊक बाई.

आज मी सुट्टी टाकली आहे. सकाळपासून हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. पहिलं चार ओळींत आटपलं, ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं. दुसरं अकरा पानांवर गेलं आणि त्यात आपला अख्खा संसार आला. तिसरं जमत होतं, तेवढ्यात धुण्याचं मशीन गरगरायला लागलं, टेबल थरथरलं आणि अक्षर असं झालं की तू म्हणाला असतास, ही घाबरलेली दिसते. घाबरलेली आहेच. पण ते अक्षरावरून कळू नये. मधे दोनदा उठून गॅस बंद आहे ना बघून आले. गॅस आज पेटवलेलाच नाही. खिडकीशी जाते, परत येते, पेनाचं टोपण काढते, लावते. मला कुठलीही गोष्ट सांगायची तर क्रम लागतो, हे तू जाणतोस. तेव्हा क्रमानेच सांगते. तुला माहीत असलेलंही येईल त्यात, कंटाळू नकोस.

लग्नाआधी तू मला पहिलं पत्र लिहिलंस, त्यातल्या सात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून मी ते तुला परत पाठवलं होतं. तुला ती गंमत वाटली. सगळ्यांना दाखवत फिरलास. पोरगी चुणचुणीत आहे म्हणालास आणि लग्न केलंस. ती गंमत नव्हती, तो माझा स्वभाव होता, हे कळायला तुला दोनेक वर्षं लागली. पुढे तर त्याच कामाचा मला पगार मिळायला लागला. तू आकृत्या काढायचास, मी त्या तपासायची. सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी ते कसं वागेल याचा तू नकाशा करायचास, चौकटी आणि बाण, आधी कागदावर पेन्सिलीने आणि मग संगणकावर. म्हणून तर तू रेघोबा. आणि मी प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून तिला तेच तीन प्रश्न विचारायची. तुझ्याकडे कोण येतं? तुझ्याकडून कोण जातं? आणि यायचा तो आलाच नाही, तर तू काय करणार? तू म्हणायचास, चौकटीच्या जागी माणूस असता तर रडला असता. घरी माणूसच होता. तो रडला नाही, गप्प होत गेला. टॉवेल कुठे टाकलास, पाहुण्यांसमोर काय बोललास, लेकीच्या शाळेत उशिरा का गेलास, सगळ्याची माझ्याकडे नोंद. शेवटच्या दिवशी, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्यावर, कोर्टातल्या त्या लांबलचक बाकावर बसून मी तुला म्हटलं होतं, की यापुढे तुझ्यात एकही चूक काढणार नाही. तू नुसती मान हलवलीस. मी तो शब्द पाळला. कसा पाळला, तेच आज सांगायचंय.

पाच महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या लिफ्टचं काम आपल्याकडे आलं. दाराची आकृती तू माझ्याकडे पाठवलीस. मी नेहमीसारखी छापून घेतली, बोट ठेवत निघाले आणि 'दार मिटतंय' या चौकटीपाशी थांबले. दार मिटता मिटता मधे कुणी आलं, तर ते परत उघडायला हवं. त्या चौकटीतून 'दार उघडं' या चौकटीकडे मागे जाणारा एक बाण लागतो. तो नव्हता. मला हसूच आलं. हा बाण तू झोपेतही काढशील. एकोणीस वर्षांत तुझ्या बारीकसारीक चुका मी पुष्कळ पकडल्या, नाही असं नाही, पण असली एकही नाही. नियमाप्रमाणे मी ती चुकांच्या तक्त्यात चढवायला हवी होती. कुठे सापडली, कसली आहे, किती गंभीर, सगळं. ती 'राहून गेलेलं' या रकान्यात गेली असती, आणि 'अतिगंभीर' म्हणून. त्याऐवजी मी काय केलं, तर संगणकावर तुझी आकृती उघडली आणि तो बाण स्वतःच काढला. तुझ्यासारखाच, टोकाशी किंचित वाकवून. कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी एक निघाली. मग दोन. मग एका आकृतीत तीन. मी काढत गेले, भरत गेले. तुझ्या आकृत्या तपासून बाहेर पडायच्या त्या नितळ. बैठकीत आपल्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणायच्या, अनुभव याला म्हणतात, तपासणीत शून्य चुका. तू जरा संकोचून हसायचास आणि मी वहीत बघत बसायची. स्वतःला मी कारणंही चांगली चांगली दिली होती. जुन्या माणसांना घरी बसवायची कुजबुज चालू आहे. तू त्रेपन्नचा, या वयात दुसरीकडे कोण घेणार? शिवाय नोंदवल्या असत्या, तर सगळे हेच म्हणाले असते की बघा, घटस्फोट घेतलेली बायको सूड उगवतेय. आणि मुख्य म्हणजे शब्द दिला होता. तो पाळल्याचं समाधान मला दर आठवड्याला मिळत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एक चूक माझ्याही हातून निसटली. आपल्या आकृत्यांवरून प्रोग्रॅम लिहिणारी ती उंच मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि भीतभीत म्हणाली, की आगीची घंटा वाजली तर लिफ्टने तळमजल्यावर येऊन दार उघडं ठेवायचं ना, ते आकृतीत कुठे दिसत नाही, असंच हवंय का? पाहिलं तर ती चौकटच नव्हती. तू काढली नव्हतीस आणि मीही पाहिलं नव्हतं. तिने विचारलं म्हणून, नाहीतर ती तशीच पुढे गेली असती. रुग्णालयाची लिफ्ट, आत खाटेवर माणूस, बाहेर धूर. वाटलं, माझेच डोळे गेले. पन्नाशी झाली, चष्म्याचा नंबर वाढला असणार. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंची वेळ मागितली, ती मिळाली या बुधवारची.

पण मला चैन पडेना. कामावर बसले की त्याच त्याच चौकटी दोनदा, तीनदा तपासायची. घरी आले की लेकीच्या सामानाची यादी तपासायची. ती म्हणाली, आई, मी नोकरीला चाललेय, चंद्रावर नाही. शेवटी या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्या पाच महिन्यांतल्या सगळ्या मूळ प्रती कपाटातून काढल्या. मी भरलेल्या जागा त्यांवर लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. तुला ठाऊक आहे, मी मूळ प्रत कधी फेकत नाही. आपल्याकडून नेमकं काय निसटतंय, असली एखादी जात सापडते का ते बघायचं होतं. टेबलावर जागा नव्हती, म्हणून सहा कागद एकावर एक धरले आणि खिडकीच्या काचेवर टेकवले. मागून ऊन आलं. सगळे ठिपके एकदम दिसायला लागले.

सगळे डावीकडे होते, रेघोबा. कागदाच्या डावीकडच्या एक तृतीयांश भागात. उजवीकडे एक नाही, मधे एक नाही. मी दुसरे सहा लावले. तेच. उरलेले लावले. तेच. तेवीस ठिपके एका कडेला, वाऱ्याने केर एका भिंतीशी लोटावा तसे. चौकट अवघड होती म्हणून चुकली, बाण गुंतागुंतीचा होता म्हणून राहिला, असं कुठेच नव्हतं. अवघडातलं अवघड तू उजवीकडे बिनचूक काढलं होतंस. डावीकडे अगदी साधं राहून गेलं होतं.

मग तारखा लावल्या. त्याआधीच्या दोन वर्षांच्या आकृत्या काढून बघितल्या, त्यांत असं काहीच नव्हतं. पहिला ठिपका एका सोमवारचा. त्याच्या आदल्या आठवड्यात तू जिन्यात मधेच खाली बसला होतास, आठवतं? डोकं धरून. लोकांनी पाणी दिलं. तू म्हणालास पित्त झालंय, दोन दिवस घरी राहिलास, परत आलास, विषय संपला.

माझ्यासाठी तो विषय तिथे खिडकीपाशी सुरू झाला. आणि मग एकेक आठवायला लागलं. चहावाल्या मावशींवर तू चिडलास, की सगळ्यांना दिला आणि मलाच नाही, तेव्हा कप तुझ्या डाव्या कोपराशी वाफाळत होता. सगळे हसले, मीही हसले. बैठकीच्या खोलीत शिरताना तुझा डावा खांदा चौकटीवर आपटतो, एकदा नाही, दर वेळी. मागच्या महिन्यात लेकीच्या नोकरीचे पेढे वाटायला तू आलास, तेव्हा डाव्या कानाजवळ बोटभर दाढी तशीच राहिली होती. पूर्वीची मी असते तर दारातच बोलले असते. आता बोलत नाही, शब्द दिलाय ना.

मंगळवारी मी तुझ्या टेबलाशी आले. हे तू कशाला विसरशील? पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मी तुझ्या डाव्या हाताला उभी होते. तू चित्र काढत होतास. तू वर बघशील म्हणून मी थांबले, समोरच्या घड्याळात चार मिनिटं. माझी ओढणी तुझ्या कागदाला लागत होती. मी बोलले तेव्हा तू केवढ्याने दचकलास. मग म्हणालास, "आकृतीबद्दल असेल तर तक्त्यात लिही. तुझं कामच आहे ते."

मी म्हटलं, "आकृतीबद्दल नाही. तुझ्याबद्दल आहे."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस आणि हळूच म्हणालास, "सात वर्षांपूर्वी एक शब्द दिला होतास. तेवढा तरी राहू दे."

मी निघून आले. तुझा राग नाही आला. तू बरोबरच बोललास. ज्या बाईने वीस वर्षं टॉवेलापासून टाचणीपर्यंत सगळ्यांत चुका काढल्या, तिने खरीखुरी चूक आणली तरी ती ऐकायची कुणी? लांडगा आला रे आला, तसं माझं झालंय.

काल डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी माझे डोळे तपासले, नंबर तोच आहे म्हणाल्या. मी उठले नाही. पिशवीतून ते कागद काढले आणि म्हटलं, हे एका ओळखीच्या माणसाने काढलेत. त्यांनी एकेक कागद बघितला, लाल ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग बराच वेळ बोलल्या. दोन्ही डोळे धडधाकट असून नजरेची एक बाजू जाऊ शकते, कारण बिघाड डोळ्यात नसतो, डोळ्यामागे मेंदूत असतो. ज्याचं जातं त्याला तिथे अंधार दिसत नाही, ती बाजू आहे याचीच आठवण राहत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. जिन्यातला तो प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी लिहून घेतला. लहानसा झटका येऊन गेला असेल, किंवा आत काहीतरी दाबत असेल. माणूस बघितल्याशिवाय, मेंदूचं छायाचित्र काढल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत, पण थांबण्यासारखं नाही हे मात्र दोनदा म्हणाल्या. ही लाल रेघेची युक्तीही त्यांचीच. मी विचारलं होतं, की त्याला पत्र लिहायचं झालं तर कसं लिहू. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय? मी म्हटलं, पाच महिने. त्यांनी विचारलं, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?

इथे मी पेन खाली ठेवून दोन खोल्या फिरून आले. आता लिहिते. मघाशी जी कारणं दिली, तुझी नोकरी, लोकांची तोंडं, माझा शब्द, ती खोटी नाहीत. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. मला बरं वाटत होतं. आठवड्यातून एकदा तुझं अर्धवट राहिलेलं काही माझ्या हाती यायचं आणि मी ते तुझ्या वळणाने पुरं करायची. त्या अर्ध्या तासात आपण एका घरात असल्यासारखं वाटायचं. नांदताना हे मला जमलं नाही. तुझं राहिलेलं दिसलं की मी बोट दाखवायची, हात लावायची नाही. या पाच महिन्यांत हात लावायला शिकले आणि नेमकं तेव्हाच बोट दाखवायला हवं होतं. पहिल्या बाणाला मी आरडाओरडा केला असता, तर तू चिडला असतास, मोठ्या बाई चिडल्या असत्या, तुला रजेवर पाठवलं असतं, आणि कुणीतरी तुला पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरकडे नेलं असतं. मी तुझी चूक नाही झाकली. तुझं दुखणं झाकलं.

काल दुपारी तिथून थेट ऑफिसात गेले आणि मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. तेवीसच्या तेवीस चुका तारखेसह तक्त्यात चढवल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, की ही मला सापडली, मी लपवली. ती आगीच्या घंटेची चोविसावी, ती सापडली त्या मुलीला. तिचं नाव तिथे घातलं. लिफ्टच्या सगळ्या आकृत्या आता नव्याने, दोघी जणी मिळून तपासणार आहेत. त्या दोघींत मी नाही. माझं काय करायचं ते त्या पुढच्या आठवड्यात ठरवतील. तुझ्याबद्दल त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की त्यांना आधी बरं करा, टेबल कुठे पळून जात नाही. बाई वाटतात तेवढ्या करड्या नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांची उद्या सकाळी अकराची वेळ घेतली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनीच फोन करून मिळवून दिली. तू येशील की नाही हे मला माहीत नाही. चिडून नाही म्हणालास, तरी ती वेळ मी सोडणार नाही, तिथे जाऊन बसेन.

पण उद्याचं उद्या. हे पत्र आजच लिहायचं कारण वेगळं आहे. डॉक्टरबाईंनी कागद घड्या घालून मला परत दिले आणि जाता जाता विचारलं, "हे गाडी चालवतात का?" मी हो म्हटलं आणि मग मला परवाचा शनिवार आठवला. लेकीला सामानासकट नव्या गावी सोडायला तू निघणार आहेस, चार तासांचा महामार्ग. मागच्या आठवड्यात ती हसत हसत सांगत होती, की बाबांच्या गाडीचा डावा आरसा तिसऱ्यांदा फुटला आणि बाबा म्हणतात गल्लीच अरुंद झाली आहे. ती तुझ्या डावीकडे बसते, रे. आज गुरुवार, ती तुझ्याकडे जेवायला येते, म्हणून पत्र तिच्याच हाती देतेय. तू वाचत असशील तेव्हा ती तिथेच समोर असेल, बहुतेक फोनमध्ये डोकं घालून. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, तुझ्या शब्दांत, तुला जेव्हा जमेल तेव्हा. तिला मी एवढंच म्हटलंय, की बाबांचं वाचून झालं की ते तुला गाडीची किल्ली देतील, ती घेऊन खाली ये. शनिवारच्या बसची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत. आता मान वर कर. ती दिसली नाही, तर डावीकडे वळून बघ. आणि तिला किल्ली दे.

खाली फाटकाशी थांबलेली,
तुझीच